म्हाताऱ्या माणसाचे करावयाचे कोणी?



कोणाच्या घरी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले असे कळले, की शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात, "मग त्यांचे कोण करते?" 'करते' म्हणजे नेमके काय करते, हे कोणी विचारीत नाही. उठवणे, बसवणे, तोंड धुणे, न्हाऊ घालणे, भरवणे, भांडे देणे, कुशीवर वळवणे, चादरी धुणे, रात्री हाक आली की उठणे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात येते. ही सेवा म्हणजे काम आहे हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे. कायद्याने व सरकारी हिशेबाने ते अद्याप ओळखलेले नाही. आजच्या माझ्या व्याख्यानाचा विषय इतकाच आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी त्यांना म्हटले, की एखाद्या डॉक्टरांना बोलवा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या बाकावर. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टर आजाराविषयी सांगतील, तुम्ही कामाविषयी सांगा." ते मला पटले. कामाचे तास, मजुरी, सुट्टी आणि म्हातारपणची सोय ह्या चार गोष्टी मोजण्यात माझी तीस वर्षे गेली. त्याच चार मापांनी आज मी घरातली सेवा मोजणार आहे.

एका पुस्तकातील आकडे

माझे वडील गिरणीत होते व आई घरी बसून विड्या वळीत असे. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो घरांतली हीच रीत होती. गिरणी बंद पडली, आणि पुढे १९९८ साली वडिलांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले.

आई २०१७ साली गेली. तिची पेटी आवरताना विड्यांच्या नोंदीची जुनी पुस्तके सापडली. रोज विड्या किती दिल्या, छाट किती गेली, मजुरी किती झाली, ह्याच्या त्या नोंदी. मी हिशेबाचा माणूस, म्हणून चाळू लागलो. १९९८ च्या पावसाळ्यापर्यंत हजार, हजार, नऊशे, हजार असे आकडे होते. त्यानंतर सहाशे, साडेपाचशे, मध्येच चार दिवस कोरे, पुन्हा पाचशे. हे एखाद्या महिन्याचे नव्हे, अकरा वर्षांचे. विडीची मजुरी हजारावर असते. तेव्हा विड्या निम्म्या म्हणजे मजुरी निम्मी, आणि मजुरी निम्मी म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणीही निम्मी. आईच्या हातांचा वेग कमी झाला नव्हता. तिचा निम्मा दिवस वडिलांकडे लागला होता. सूप मांडीवर घेऊन बसावे तो आतून आवाज यावा, असे ते चालले होते.

ह्या अकरा वर्षांत मी काय करीत होतो? मी गेटवर भाषणे करीत होतो. आठ तासांचा दिवस, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्याची सुट्टी, अशा माझ्या मागण्या असत. माझ्या आईला ह्यांतले एकही मिळत नव्हते, आणि ते माझ्या ध्यानातही येत नव्हते. रात्री मी घरी येई तेव्हा वडील स्वच्छ असत, अंगावर धुतलेले पांघरूण असे. म्हातारे माणूस आपोआप स्वच्छ राहते अशीच जणू माझी समजूत होती.

मग एकदा मामा वारले व आई बारा दिवस अक्कलकोटला राहिली. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी होती. ते बारा दिवस वडिलांचे मी केले. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. पाचव्या दिवशी मी सभेला गेलो नाही. आठव्या दिवशी भरवताना वडिलांना ठसका लागला, सगळे अन्न अंगावर आले, आणि मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी फक्त तोंड भिंतीकडे केले. त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते. पण त्याबरोबर एक गोष्ट समजलीही. आठ रात्री पुरती झोप नसलेला कामगार यंत्रावर चूक करतो, तशी ती चूक होती. गिरणीत अशा वेळी बदली कामगार उभा असे. घरातल्या सेवेला बदली नाही, आणि पाळी सुटल्याचा भोंगाही नाही.

हे घरगुती रडगाणे गाण्यासाठी मी सांगितले नाही. येथे बसलेल्यांपैकी अर्ध्या लोकांच्या घरी असे एखादे पुस्तक असेल. कोणाच्या घरी ते विडीचे असेल, कोणाच्या घरी सुनेने सोडलेल्या नोकरीचे, तर कोणाच्या घरी मुलीच्या मोडलेल्या शिक्षणाचे.

दुखणे वेगळे, परावलंबन वेगळे

दुखणे आणि परावलंबन ह्यांत आपण नेहमी गल्लत करतो. दुखण्यावर औषध असते. ते बरे होते किंवा माणूस जातो. परावलंबनाला औषध नसते. अर्धांगवायू, मोडलेले खुब्याचे हाड, विस्मरणाचा विकार, गेलेली दृष्टी अथवा नुसते वय, ह्यांमुळे माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः करू शकत नाही व वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याला लागते ते दुसऱ्या माणसाचे मनगट, आणि तेही रोज.

हे मोजता येते का? येते. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६३ साली सहा साध्या क्रियांचे माप प्रसिद्ध केले. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्राचे नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. ह्यांपैकी किती क्रिया माणूस एकट्याने करू शकतो ते पाहावयाचे. ह्यासाठी मोठे यंत्र नको, तपासणीची फी नको. जाणती परिचारिका घरी जाऊन, पाहून आणि विचारून हे लिहू शकते. जगातल्या अनेक देशांनी सेवेचा हक्क ठरवण्यासाठी ह्याच जातीची मापे वापरली आहेत.

आणि ह्या कामात कसब नाही असेही कोणी समजू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे येथे कातडी काळवंडून जखमा होतात. भरवताना त्याला उठवून बसवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा आजार होतो. उचलताना कमरेतून वाकावयाचे नाही, गुडघ्यात वाकावयाचे. माझ्या आईला हे कोणी शिकवले नाही. ती चुकत चुकत शिकली, आणि त्या चुकांची किंमत दोघांनी दिली.

आज हे काम कोण करते?

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. माणसाचे चोवीस तास कशात जातात हे घरोघर विचारले. घरच्या माणसांची मुलाबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सेवा करणाऱ्यांत स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी १३४ मिनिटे निघाला व पुरुषाचा ७६. स्वयंपाक, धुणे, झाडलोट ह्यांचा हिशेब वेगळा. त्यात स्त्रीची २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. ही सरासरी आहे. ज्या घरात माणूस खिळलेले आहे त्या घरात हे आकडे कोठे जात असतील, ते आपणच ताडावे.

दुसऱ्या बाजूने म्हाताऱ्यांची संख्या पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे साडेदहा कोटी, म्हणजे शेकडा ८.६ होती. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ९.९ होते, आणि त्यानंतर ते वाढतेच आहे. घरे मात्र लहान झाली. पाच भावंडांत वाटली जाणारी सेवा आता एकाच मुलावर येते, आणि तो मुलगा पुण्याला असतो. सोलापूरची तरुण माणसे पुण्या-मुंबईकडे जातात, हैदराबादेकडे जातात. मागे राहतात दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूप लावलेली खोली.

ज्यांना परवडते ते ब्यूरोकडून बाई ठेवतात. तिला आपण 'मावशी' म्हणतो. ही मावशी बारा बारा तास पाळी करते. ब्यूरो तिच्या मजुरीतून आपला वाटा घेतो. फंड नाही, आजारपणाची रजा नाही. आणि तिच्या स्वतःच्या घरी तिची सासू खिळलेली असेल, तर तिचे करायला तिची शाळेतली मुलगी बसलेली असते. म्हणजे श्रीमंताच्या घरातले ओझे गरिबाच्या घरात जाते, आणि शेवटी एका मुलीच्या दप्तरावर येऊन पडते. ह्यालाच मी अन्याय म्हणतो. सेवा मिळणे न मिळणे हे पैशावर, आणि सेवा करणे न करणे हे बाईच्या जातीवर ठरते.

कायदा दारापर्यंत येतो

सरकारने काहीच केलेले नाही असे म्हणणे खोटे होईल. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. मुले सांभाळीत नसतील तर म्हातारे माणूस प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. त्या कायद्याने दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी ठरवता येते. कायदा चांगला आहे, पण तो पैसा देववतो. कूस बदलणारा हात देववत नाही. शिवाय ज्या घरात मुलगा सांभाळतो आहे आणि सांभाळता सांभाळता मोडतो आहे, त्या घरासाठी ह्या कायद्यात काही नाही. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याचे कलम आहे. पण तेथे शब्द 'काढील' असा नाही, 'काढू शकेल' असा आहे. करारावर सह्या करणाऱ्या माणसाला ह्या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

निराधारांसाठी राज्याची संजय गांधी योजना १९८० पासून आहे, वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली ह्यांचे दरमहा हजाराचे दीड हजार झाले. श्रावणबाळ योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजारांची ठेवली गेली, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. ह्याहून थोडे जास्त मिळवणारा मनुष्य श्रीमंत ठरला! आणि ज्या कामगारांनी जन्मभर फंड भरला, त्यांच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली दरमहा हजार रुपये ठरली. माझ्या आईला शेवटची तीन वर्षे तेवढेच मिळत होते.

औषधोपचाराचे म्हणाल तर जीवनदायी योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार जाहीर केले. हा मोठा आधार आहे. परंतु खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार भरते, रुग्णवाहिका म्हातारीला घराच्या दारात आणून सोडते, आणि तेथे सरकार संपते. उंबरठ्याच्या आत जे दोन, पाच, अकरा वर्षांचे काम सुरू होते ते कोणाच्याच खात्यात नाही.

पुंडलिकाची गोष्ट

येथे एक आक्षेप नेहमी येतो. आई-बापांची सेवा हा आपला धर्म. तिच्यात सरकार व पैसा कशाला? पैसा आला की माया जाईल. हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. पुंडलिक आई-बापांचे करीत होता तेव्हा देव दाराशी आला. पुंडलिकाने वीट फेकली व थांबावयास सांगितले, आणि देव थांबला. ह्या कथेत मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, की सेवेला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्या कोणाला तरी थांबून द्यावा लागतो. देवाने तो दिला. आपल्या बाईला कारखाना थांबून देत नाही, ब्रँच थांबून देत नाही, पोटही थांबून देत नाही. दुसरी गोष्ट, की पुंडलिक मुलगा होता. सेवेचा आदर्श म्हणून आपण मुलगा पुजतो, आणि सेवा मात्र सुनेकडून करून घेतो.

आणि माया जाण्याचे म्हणाल, तर बारा दिवसांत मी जे पाहिले ते उलटे होते. पैसा आल्याने माया जात नव्हती, झोप न मिळाल्याने जात होती.

विडीच्या खटल्याचा धडा

घरातल्या कामाला काम मानण्याची गोष्ट आपल्या गावाला नवीन नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानावे की नाही, ह्यावर मालक व युनियन ह्यांच्यात पुष्कळ वर्षे वाद चालला. मालकांचे म्हणणे, ती आपल्या घरात, आपल्या सवडीने वळते; आम्ही तिच्यावर देखरेख करीत नाही; मग ती आमची नोकर कशी? १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार म्हटले. पुढे प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८५ साली निकाल लागला, की विड्या तपासून छाट काढण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच देखरेख आहे. तेव्हा घरी वळणारी बाईही फंडाला पात्र आहे.

ह्या निकालाने विडीत काही फरक पडला नाही. पान तेच, तंबाखू तीच, सूप तेच. फरक पडला तो हिशेबात. चूल जेथे आहे तेथेच कामाची जागाही असू शकते, हे कायद्याने मान्य केले. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्याच घरात, त्याच बाईच्या हातून होणाऱ्या दुसऱ्या कामालाही हाच न्याय लावावा. हजार विड्यांपैकी वळल्या त्या सहाशेंची नोंद पुस्तकात झाली. न वळलेल्या चारशे विड्यांच्या वेळात जे काम झाले, त्याची नोंद कोठे आहे?

दुसऱ्यांनी काय केले

अशी नोंद ठेवून दाखवणारे देश आहेत. जर्मनीत १९९५ साली सेवेचा विमा सुरू झाला. पगाराच्या एक टक्क्याने सुरुवात झाली, अर्धा वाटा कामगाराचा व अर्धा मालकाचा. आज ती वर्गणी साडेतीन टक्क्यांच्या वर गेली आहे. मालकांनी त्या वेळी तक्रार केली, की आमचा खर्च वाढेल. तेव्हा एका प्रांताचा अपवाद सोडून सगळ्या देशाने नोव्हेंबरातली प्रार्थनेची एक पगारी सुट्टी सोडली. म्हाताऱ्यांसाठी सुट्टी सोडणारे हे कामगार पाहून माझ्यासारख्या सुट्ट्या मागणाऱ्या माणसाला विचार पडला. त्या विम्यात घरच्यांना पर्याय असतो. सेवा घ्या, नाहीतर काही कमी रक्कम रोख घ्या. आणि घरचे माणूस आठवड्यातून ठरावीक तास सेवा करीत असेल, तर त्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी हा विमा भरतो. माझ्या आईचे जे बुडाले ते तेथे बुडत नाही.

जपानात असा विमा २००० सालच्या एप्रिलात आला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने वर्गणी भरावयाची. निम्मा पैसा वर्गणीतून, निम्मा करातून. आणि कारभार नगरपालिकांकडे. गरज मोजून पायऱ्या ठरवतात, आज त्या सात आहेत, आणि पायरीप्रमाणे सेवा मिळते. साधारण उत्पन्नाच्या माणसाने खर्चाचा दहावा हिस्सा द्यावयाचा असतो. जपानने घरच्यांना रोख रक्कम दिली नाही. पैसे हातात पडले तर सून पुन्हा अंथरुणापाशीच बांधली जाईल, असा तेथल्या स्त्रियांच्या संघटनांचा आक्षेप होता. तो विचार करण्यासारखा आहे.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंत देश. तर मग केरळ पाहा. कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशमनाचे काम सुरू झाले, आणि १९९९-२००० च्या सुमारास मलबारात शेजारसेवेची जाळी उभी राहिली. गल्लीतल्या लोकांनी थोडी थोडी वर्गणी काढावयाची, शिकून स्वयंसेवक व्हावयाचे, आणि परिचारिकेला बरोबर घेऊन खिळलेल्या माणसाच्या घरी जावयाचे. २००८ साली त्या राज्याने ह्याचे धोरण केले व पंचायतींमार्फत परिचारिकांच्या घरभेटी सुरू झाल्या. खिळलेल्या माणसाचे करणाऱ्याला दरमहा सहाशे रुपये देण्याची 'आश्वासकिरणम्' नावाची योजनाही तेथे आहे. सहाशे रुपये फार नव्हेत. परंतु ते करणाऱ्याच्या नावाने निघतात, आणि सरकारच्या वहीत त्या बाईचे नाव चढते, हे मला मोलाचे वाटते.

पैसा कोठून आणावयाचा?

हा प्रश्न आला की सभेत शांतता पसरते. पण महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वी सोडवून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी कायम करावयाची ठरली, तेव्हा १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे थोडे कापावयाचे आणि गावातल्या बेकाराला काम द्यावयाचे. आजही तुमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे व फेब्रुवारीत तीनशे ही कपात दिसते. तिचे मूळ तेथे आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व १९७९ च्या जानेवारीपासून अमलात आला. त्यात मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, अशी मुदत घातली होती. सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्याला त्या मुदतीची किंमत ठाऊक आहे. सेवेच्या कायद्यातही अशीच मुदत हवी. अर्ज केल्यापासून इतक्या दिवसांत परिचारिका घरी येईल, नाहीतर भत्ता सुरू होईल.

दुसरा धडा माथाडी कायद्याचा. हमालाला एक मालक नसतो. आज ह्या पेढीवर, उद्या त्या. म्हणून १९६९ च्या कायद्याने मंडळे काढली. मालकाने मजुरी व तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा द्यावयाची. घरोघर फिरणाऱ्या मावशीची स्थिती हमालासारखीच आहे. तिच्यासाठी असेच मंडळ का असू नये? ब्यूरोचा वाटा वाचेल, तो तिच्या फंडात जाईल.

तिसरा धडा इशाऱ्याचा आहे. विडीवर हजारामागे थोडा उपकर घेऊन १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा केला होता. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरे ह्यांना त्यातून मदत झाली. २०१७ साली नवी करपद्धती आली व तो उपकर गेला. म्हणून नुसता निधी पुरत नाही. माणसाचा हक्क कायद्यात लिहिलेला असावा लागतो. म्हणजे एक वाट बंद झाली तरी सरकारला दुसरी शोधावी लागते.

सोलापुरात आरंभ कसा करावा?

सगळा कायदा होईपर्यंत वाट पाहावी असे मी म्हणत नाही. चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली, मोजणी. पालिकेच्या दवाखान्यांमार्फत प्रत्येक प्रभागात कोण खिळलेले आहे आणि त्याचे कोण करते, ह्याची नोंद व्हावी. नोंदीत दोन नावे असावीत. ज्याचे करावयाचे त्याचे आणि जो करतो त्याचे.

दुसरी, घरभेट व शिक्षण. महिन्यातून एकदा परिचारिका घरी यावी, आणि उचलावे कसे, वळवावे कसे, भरवावे कसे, हे घरच्या माणसाला, त्यातही मुलग्यांना, तिने शिकवावे.

तिसरी, विसाव्याचे घर. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघराचे कलम आले तेव्हा, मुले सांभाळणे हा का कारखान्याचा धंदा, असे म्हणणारे होते. आज पाळणाघराला कोणी हसत नाही. तसेच म्हाताऱ्यांसाठी दिवसाचे घर वस्तीत असावे. सकाळी पोचवावे, संध्याकाळी आणावे. तेवढ्या वेळात बाई आपल्या हजार विड्या पुऱ्या करील किंवा, आणखी चांगले, दोन तास झोपेल.

चौथी, बदली. वर्षातून निदान चौदा दिवस करणाऱ्या माणसाच्या जागी दुसरे माणूस मिळावे. गिरणी कामगाराला जे मिळाले ते त्याच्या बायकोलाही मिळावे, ह्यात जगावेगळे काय आहे?

हे स्वप्न आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने कुंभारीला जाऊन यावे. विडी वळणाऱ्या बायकांच्या दहा हजार घरांची वसाहत तेथे २००६ साली उभी राहिली. केंद्र, राज्य आणि ती बाई, अशा तिघांनी वाटा उचलला. आधी त्यालाही लोक स्वप्नच म्हणत होते. घरे झाली; आता त्या घरांतली माणसे म्हातारी होत आहेत. ज्या बायकांनी तेथे तरुणपणी चूल मांडली, त्यांचे उद्या कोण करणार, हा प्रश्न त्याच तिघांनी मिळून सोडवावयाचा आहे.

आईची ती पुस्तके मी जपून ठेवली आहेत. कधी नव्या कार्यकर्त्यांना हिशेब शिकवावयाचा असला, की त्यांतले एक पान उघडून मी विचारतो, "ह्या दिवशी पाचशे विड्या कमी का?" मुले म्हणतात, पान कमी आले असेल, तंबाखू ओली असेल, बाई आजारी असेल. खरे उत्तर अजून एकानेही दिलेले नाही. ते मलाही वीस वर्षे सुचले नव्हते. आज घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने तेवढा हिशेब करावा. आपल्या घरात कोणाचे कोण करते, किती तास, आणि त्याच्या पुस्तकातले कोणते आकडे त्यामुळे कमी झाले. तो हिशेब घेऊन आपण पालिकेकडे जाऊ, मग मुंबईला जाऊ. मागणीपत्राचे पहिले कलम नेहमी हिशेबाचेच असते.